यंत्रापुढे बसण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 या व्यासपीठावरून आजवर डॉक्टरीणबाईंनी, शिक्षिकांनी आणि पाककलेत निष्णात असलेल्या भगिनींनी आपल्याला कितीतरी चांगले विषय ऐकवले. माझे काम त्यामानाने अगदी आडबाजूचे. मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे डोळ्यांच्या हालचाली टिपणारे एक यंत्र आहे, त्याला आय-ट्रॅकर म्हणतात. संशोधनात भाग घ्यायला जी माणसे येतात, त्यांना त्या यंत्रापुढे नीट बसवून देणे हे माझ्याकडे आहे.

हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तुम्ही डोळे तपासता का?" नाही. चष्म्याचा नंबर काढणे किंवा मोतीबिंदू पाहणे हे आमचे काम नव्हे. डोळा कुठे पाहतो, तिथे किती वेळ थांबतो आणि तिथून कुठे जातो, एवढेच आम्ही टिपतो. यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु या कामात कोणाचे डोळे मोजले जातात आणि कोणाचे वगळले जातात, हा प्रश्न आपल्यासारख्या घरोघरच्या बायकांशी फार जवळचा आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडावा असे वाटले.

प्रथम डोळ्याचा स्वभाव पाहू. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतलेच काय ते आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसते. भोवतालचे सारे अंधुक असते. मग आपल्याला सगळे कसे दिसते? तर डोळा सारखा उड्या मारत असतो म्हणून. ताटात तांदूळ पसरून खडे निवडतानाची आपली नजर आठवा. ती झाडूसारखी सरळ फिरत नाही. इथे टेकते, तिथे टेकते, संशय आला की मागे येते. वाचतानाही तेच घडते. पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जाव्हाल यांनी १८७८-७९ च्या सुमारास वाचनावर जे निबंध लिहिले, तेव्हापासून हा विषय अभ्यासकांपुढे आला. ओळ वाचताना डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग एका झटक्यात पुढच्या शब्दावर उडी घेतो. शब्द अवघड असला तर जास्त थांबतो, अर्थ लागला नाही तर मागे वळतो. चांगले इंग्रजी वाचणाऱ्यांच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात, असे दिसून आले आहे. तेव्हा मुलगा वाचताना मागे वळून पाहतो म्हणून त्याच्यावर रागावू नये, हेही जाता जाता सांगून ठेवते.

या उड्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. त्या टिपायच्या कशा, यासाठी शंभरावर वर्षे खटपट चालली आहे, आणि त्या खटपटीत यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाने पुष्कळ सोसले आहे. अमेरिकेतले एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या सुमारास वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची एक चिमुकली वाटी बसवली. वाटीला भोक ठेवले, म्हणजे त्यातून पाहता यावे. आणि तिला अ‍ॅल्युमिनियमचा एक हलका काटा जोडला. डोळा हलला की काटा हलायचा आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. डोळा बधिर करायला औषध घालावे लागे, हे वेगळे सांगायला नको. १९०१ साली डॉज आणि क्लाइन या दोघांनी निराळी वाट काढली : डोळ्यावर प्रकाश पाडायचा आणि त्याची डोळ्यावर उमटणारी चकाकी छायाचित्राच्या सरकत्या काचेवर धरायची. डोळ्याला हात लावायची गरज उरली नाही. पुढे रशियाचे आल्फ्रेड यार्बुस यांनी पुन्हा डोळ्यावर चिकटणारी टोपी वापरली, पण त्यांनी जे दाखवले ते मोठे मोलाचे ठरले. रेपिन यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे : पुष्कळ दिवसांनी एक माणूस अचानक घरी येतो आणि घरातली माणसे चकित होऊन पाहतात. यार्बुस यांनी हे चित्र एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवले आणि दर वेळी प्रश्न बदलला. या घरची सांपत्तिक स्थिती कशी असेल? माणसांची वये काय असतील? त्यांचे कपडे लक्षात ठेवा. प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. वय विचारले की नजर चेहऱ्यांवर, श्रीमंती विचारली की सामानसुमानावर. त्यांचे पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आले. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेल्या मंडळींत सासूबाईंची नजर कुठे आणि नणंदेची कुठे, हे आपल्याला त्या पुस्तकाआधीच ठाऊक होते. पण मोजून दाखवले ते यार्बुस यांनी.

आजचे यंत्र डोळ्याला शिवत नाही. पडद्याखाली एक कॅमेरा असतो आणि शेजारी एक मंद दिवा. त्याचा प्रकाश अवरक्त जातीचा, म्हणजे आपल्याला जवळजवळ न दिसणारा. त्याची तीव्रता डोळ्याला अपाय होऊ नये म्हणून घालून दिलेल्या मर्यादेच्या आत ठेवलेली असते. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, एका ठिपक्यासारखा चकाकतो. कॅमेरा दोनच गोष्टी शोधतो : काळी बाहुली आणि तो चकाकता ठिपका. डोळा फिरला की बाहुली ठिपक्यापासून सरकते. ती किती आणि कुठे सरकली यावरून नजर कुठे पडली हे ठरते. काही यंत्रे सेकंदाला साठ वेळा ही नोंद घेतात, काही हजार वेळा.

इतके ऐकल्यावर वाटेल, की यंत्र एवढे हुशार आहे तर माणसाने नुसते येऊन बसावे. खरी गंमत इथेच आहे. यंत्राला माझा डोळा आणि तुमचा डोळा यांतले अंतर ठाऊक नसते. प्रत्येक नव्या डोळ्याशी त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख कच्ची राहिली तर पुढची सारी नोंद खोटी. खोटी असून ती खऱ्यासारखी दिसते, हे अधिक वाईट.

ही तयारी कशी करायची ते आता क्रमाने सांगते. ती घरून निघण्यापासूनच सुरू होते. येणाऱ्या व्यक्तीला आम्ही आधी कळवतो : वाचायचा चष्मा बरोबर आणा, आणि त्या दिवशी डोळ्यांत गडद काजळ किंवा पापण्यांना मस्कारा नको. यंत्र काळा भाग शोधत असते. बाहुली कोणती आणि काजळ कोणते, हे त्याला चटकन उमगत नाही. खोलीत आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतो, कारण उन्हातही अवरक्त प्रकाश असतो आणि तो यंत्राच्या दिव्यात मिसळतो. मात्र काळोखही करत नाही, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि मोजमाप बिघडते. सगळ्या प्रयोगभर उजेड सारखा राहिला पाहिजे.

खुर्ची साधी, चार पायांची. फिरणारी किंवा चाकांची खुर्ची आमच्या कामाची नाही. पडद्यापासून डोळा सुमारे साठ सेंटिमीटरवर येईल असे बसवतो. हनुवटी टेकायला एक आधार असतो आणि कपाळ टेकायला पट्टी. दोन्ही दर वेळी पुसून घेतो आणि ते पुसलेले येणाऱ्या व्यक्तीला दिसेल असे पुसतो. हनुवटीचा आधार माणसाच्या उंचीला आणायचा, माणसाने आधाराला वाकायचे नाही. मान अवघडली की दहा मिनिटांत डोके सरकते आणि ओळख पुसते. काही यंत्रांत हनुवटीचा आधार लागत नाही. त्याऐवजी कपाळावर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक छोटी चकती चिकटवतात, तिच्यावरून डोके किती हलले हे कॅमेऱ्याला कळते. एका काकूंना मी ती लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, एवढी मोठी टिकली मी लग्नातसुद्धा लावली नव्हती!" सगळी खोली हसली, आणि त्यांचे दडपण गेले. दडपण जाणे हाही तयारीचाच भाग आहे.

मग ती ओळख. इंग्रजीत तिला कॅलिब्रेशन म्हणतात. पडद्यावर एक ठिपका येतो, त्याकडे पाहायचे; तो दुसरीकडे गेला की तिकडे पाहायचे. असे बहुधा नऊ ठिपके. मी एवढेच सांगते : "ठिपका हलला की मग हला, त्याच्या आधी धावू नका." हुशार माणसे नेमकी आधी धावतात. नंतर तेच ठिपके पुन्हा दाखवून पडताळा पाहायचा. आपण ठिपक्याकडे पाहिले आणि यंत्राने नजर दुसरीकडेच दाखवली, तर ती चूक किती, हे तेव्हा कळते. ही चूक अर्ध्या अंशाच्या आत असली तर आम्ही समाधान मानतो. साठ सेंटिमीटरवर अर्धा अंश म्हणजे पडद्यावर सुमारे पाच मिलिमीटर. आता विचार करा : मजकुराच्या दोन ओळींत एवढेच अंतर असेल आणि चूक त्याहून जास्त असेल, तर बाई तिसरी ओळ वाचत असताना यंत्र चौथी ओळ लिहून घेईल. पुढे कोणी तो कागद पाहून म्हणेल, "या बाईंना ओळीवर लक्ष धरता येत नाही." बाईंचे लक्ष जागेवर होते. तयारी घाईने झाली होती.

तान्ह्या मुलांची तयारी आणखी वेगळी. त्याला ठिपक्याकडे पाहा म्हणून सांगणार कसे? मग ठिपक्याच्या जागी खुळखुळा वाजवत गिरक्या घेणारे चित्र दाखवतात, आणि मूल आपणहून तिकडे पाहते. मूल आईच्या मांडीवर बसते. आईला मात्र डोळे मिटायला किंवा काळा चष्मा लावायला सांगतात. एक तर यंत्राने चुकून आईचेच डोळे धरू नयेत म्हणून, आणि दुसरे, आई जिकडे पाहील तिकडे मूल वळते म्हणून. हे दुसरे कारण कोणत्याही आईला समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभी राहिले, ती सांगते.

आमच्याकडे एका अभ्यासात औषधाच्या सूचनांचे मराठी कागद लोक कसे वाचतात, हे पाहायचे होते. गोळी जेवणाआधी की नंतर, दिवसातून किती वेळा, कोणत्या त्रासात डॉक्टरांना कळवायचे, हे कागदावर कुठे लिहिले म्हणजे नजर तिथे पोचते, असा प्रश्न होता. सत्तरीच्या एक आजी आल्या. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा दोन भिंगांचा, वरच्या पापण्या वयाने उतरलेल्या. तीन वेळा ठिपके दाखवले, तीनही वेळा ओळख फसली. खाली पाहिले की पापणी बाहुलीवर येई; चष्म्याच्या खालच्या भिंगातून पाहायला त्या मान वर करीत, आणि काचेवर दिव्याची चकाकी पडे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने वहीत "नोंद मिळाली नाही" असे लिहायला घेतले. नियमात तशी मुभा आहे. रांगेत पुढे एक कॉलेजचा विद्यार्थी बसलेला होता, त्याची तयारी चार मिनिटांत झाली असती.

आजी ओशाळून म्हणाल्या, "माझेच डोळे खराब, बाळांनो. तुमचा वेळ मोडला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण यंत्राला माझे डोळे दिसत नसतील, तर चष्मा यंत्राला लावायला हवा, नाही का?"

त्या बोलण्यात विनोद होता, पण मला त्यातला न्याय दिसला. औषधाच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त कोण वाचते? सत्तरीची माणसेच ना? त्यांच्या पापण्या उतरतात म्हणून त्यांना घरी पाठवले, तर तो कागद विशीतल्या मुलांच्या डोळ्यांवर बेतला जाईल आणि आजींच्या हाती पडेल. कोणी मुद्दाम अन्याय करत नाही. फक्त दर वेळी जे सोपे ते आधी घेतले जाते, आणि अवघड ते वहीतल्या एका ओळीत संपते.

मी मुलाला म्हटले, "लिहू नकोस, थांब." आम्ही पडदा चार बोटे वर उचलला, म्हणजे आजींची नजर खाली न जाता समोर राहील. त्यांच्याजवळ फक्त वाचायचा, एका भिंगाचा जुना चष्मा होता, तो लावायला दिला. त्याची काडी कानामागे किंचित उचलली, तशी काचेवरची चकाकी बाहुलीवरून बाजूला सरली. हनुवटीच्या आधारावर घडी केलेला मऊ रुमाल ठेवला. नऊऐवजी पाचच ठिपके घेतले. पंचवीस मिनिटे गेली, मध्ये एकदा चहा झाला. शेवटी चूक अंशाच्या आठ दशांशांवर आली. ती अर्ध्या अंशाहून जास्तच, पण या अभ्यासातला मजकूर मोठ्या अक्षरांत आणि दूर दूर ओळींत होता, त्याला ती चालण्यासारखी होती. वहीत आम्ही ते आकडे जसेच्या तसे लिहिले, पडदा उचलला तेही लिहिले, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला ती नोंद कशी मिळाली हे कळावे. खोटे चांगले आकडे लिहून माणूस आत घेणे हाही एक प्रकारे त्याला वगळणेच आहे.

सगळ्यांचेच असे जमते असे नाही. काही डोळ्यांशी यंत्राची ओळख होतच नाही. अशा वेळी आम्ही स्पष्ट सांगतो, की उणीव यंत्राची आहे. येण्याजाण्याचा खर्च नोंद मिळो वा न मिळो, देतो. आणि किती माणसे का सुटली, हे निष्कर्षाबरोबर लिहिले गेले पाहिजे, असा आग्रह धरतो.

आपल्याकडेही या विद्येत चांगले काम झाले आहे. पवईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी भाषांतर करणाऱ्यांच्या नजरेवरून कोणते वाक्य भाषांतराला अवघड, हे ठरवण्याचा प्रयत्न केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी वाचणाऱ्यांच्या नजरेच्या नोंदी अलाहाबादला घेतल्या गेल्या आणि त्यावरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचकांवरच्या कामाच्या मानाने हे थोडे आहे. आपली लिपी वेगळी. तिच्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. जोडाक्षरे एकावर एक चढतात. ती वाचताना डोळा काय करतो, हे मराठी वाचणारी माणसे यंत्रापुढे बसल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यांत सत्तरीच्या आजी, चौथी शिकून थांबलेल्या मावशी आणि जाड भिंगांच्या काकू यायला हव्यात.

कित्येकींना भीती वाटते, की यंत्राला मनातले कळेल. कळत नाही. तुम्ही कुठे पाहिले हे कळते, का पाहिले हे कळत नाही. तथापि कुठे पाहिले हीसुद्धा आपली खाजगी गोष्ट आहे. कोणत्या चित्रावर नजर रेंगाळली हे चारचौघांत सांगावेसे वाटेलच असे नाही. म्हणून नोंदीवर नाव न घालता क्रमांक घालतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली माणसांवरील संशोधनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत समजून दिलेली संमती आणि केव्हाही निघून जाण्याचा हक्क ही दोन्ही आहेत. आमच्याकडे एक बाई सगळी तयारी झाल्यावर म्हणाल्या, "मला आता नको वाटते." आम्ही हनुवटीचा आधार खाली घेतला, पाणी दिले आणि त्यांना रिक्षापर्यंत पोचवले. कारण विचारले नाही.

तेव्हा भगिनींनो, अशा कामाला कोणी आपल्याला बोलावले तर संकोच करू नका, पण पाच गोष्टी विचारून घ्या. हे कशासाठी आहे? किती वेळ लागेल? माझी नोंद कोण पाहील आणि ती किती दिवस ठेवाल? मध्येच उठले तर चालेल ना? आणि संमतीचा कागद मराठीत आहे का? उत्तर देताना समोरचा माणूस घाई करू लागला, तर तो तयारीतही घाई करील, असे खुशाल समजा. मान अवघडली, डोळे चुरचुरले, ठिपका दिसला नाही, तर लगेच सांगा. "चालवून घेते" असे म्हणू नका. घरात आपण पुष्कळ चालवून घेतो. इथे चालवून घेतले तर नोंद बिघडते, आणि त्या बिघडलेल्या नोंदीवर पुढे दुसऱ्या कोणासाठी तरी कागद छापला जातो.

आजींच्या त्या अभ्यासाचे काम अजून चालू आहे, म्हणून त्याचा निष्कर्ष मी सांगू शकत नाही. एवढेच सांगते, की त्यात साठीच्या पुढची आणखी माणसे हवी आहेत. ज्या भगिनींना यावेसे वाटेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. चष्मा बरोबर आणा, काजळ घरी ठेवा. टिकली खुशाल असू द्या.